हजेरीमास्तरांचं मस्टर

फुटबॉलची मॅच बघायला आलेला माणूस बॉलकडे बघतो. हजेरीमास्तर बघत नसत. सोलापूरच्या आमच्या मैदानावर, उन्हानं तापलेल्या सिमेंटच्या पायऱ्यांवर बसलेली सगळी डोकी बॉलबरोबर डावीकडून उजवीकडे वळायची आणि त्यात एक पांढरी टोपी मात्र भलत्याच दिशेला तोंड करून बसलेली असायची. गोल व्हायचा, माणसं एकमेकांच्या अंगावर पडायची, हलगी कडाडायची. आणि मास्तर मैदानाच्या दुसऱ्या टोकाला कमरेवर हात ठेवून उभ्या असलेल्या आमच्याच डाव्या बॅककडे बघत काहीतरी लिहायचे. लिहून झाल्यावर शेजारच्याला कोपर मारून विचारायचे, "कुनी मारला?"

शेजारचा वैतागायचा. "मास्तर, डोळं हायती का गोट्या? समोर गोल झाला की!"

"बॉल बघायला तुमी एवढं सगळं हायसा की," मास्तर म्हणायचे. "बाकीच्या धा जणांकडं कुनी बघायचं?"

आमचा क्लब व्यावसायिक होता. म्हणजे राज्याच्या लीगमध्ये खेळायचा, आम्हाला महिन्याला पगार द्यायचा आणि प्रत्येक मोसमाच्या शेवटी सगळ्यांना पैशांची गरज असताना एखादा हार विकत घेऊन चेअरमनच्या गळ्यात घालायचा. अशा क्लबाला विक्रमांची नोंद ठेवणारा माणूस लागतो, असं वरून पत्र आलं होतं. चेअरमननं विचार केला, असलं बिनकामाचं काम कोण करणार? मग कुणीतरी मास्तरांचं नाव सांगितलं.

मास्तर मिलच्या टाइम ऑफिसातले. भोंगा व्हायच्या आधी गेटवर बसायचं आणि आत येणाऱ्या प्रत्येकाची मस्टरवर हजेरी लावायची, हे काम त्यांनी मिल बंद पडेपर्यंत केलं. बंद पडली तेव्हा कुणी साहेबाला विचारून घड्याळ नेलं, कुणी पंखा नेला. मास्तरांनी कोरी मस्टरं मागून घेतली. लांबलचक, हिरव्या कापडी पाठीची मस्टरं. डावीकडे नावं, पुढे महिन्याच्या एकतीस दिवसांचे एकतीस रकाने. घरचे सगळे विणकर, बोलणं तेलुगू. त्यांची आई म्हणे त्या दिवशी कपाळावर हात मारून म्हणाली, लोकांनी लोखंड आणलं आणि ह्यानं कागद आणला.

त्याच मस्टरात मास्तरांनी आमचं फुटबॉल लिहिलं. पद्धत मिलचीच. दर पाच मिनिटांनी मनगटावरच्या घड्याळाकडे बघायचं, मान वर करायची आणि आमच्या अकरा जणांवरून नजर फिरवायची. जो त्याच्या जागेवर आहे त्याच्यापुढे 'ह', जो नाही त्याच्यापुढे 'गै'. नव्वद मिनिटांत अठरा वेळा हजेरी. अठरा रकाने झाले की एकोणिसाव्यात गोल आणि उरलेल्या बारा रकान्यांची मोळी करून त्यात शेरा. बाकी क्लब लिहितात ते सगळं, म्हणजे कुणी किती गोल मारले आणि कुणी किती पास दिले, ते मास्तरांना एका रकान्यात पुरायचं. "गोल व्हायला माणूस हजर पायजे. तेवढं बघा, बाकी आपोआप व्हतंय," असं त्यांचं म्हणणं.

आणखी एक नियम होता. मिलमध्ये कामगार पास घेऊन बाहेर गेला की तो परत येईपर्यंत टाइमकीपरची नजर गेटवर. तसंच मैदानावर. कुणी जागा सोडून पुढे गेला, की पाच मिनिटं झाली असोत वा नसोत, मास्तरांची नजर त्याच्यावर. तो परत जागेवर येईपर्यंत ती हलायची नाही. "जाऊ दे की, जायाला ना न्हाय," ते म्हणायचे. "पन परत येतंय कवा, ते मी बघनार." हा नियम मला तीन वर्षं तोंडपाठ होता. ज्या दिवशी तो आठवायला पाहिजे होता त्या दिवशी आठवला नाही. ते पुढे सांगतो.

मी वैरागच्या बाजूचा. नववीत शाळा सोडली आणि सोलापुरात टॉवेलच्या कारखान्यात घड्या घालायला लागलो. तिथल्या पोरांबरोबर खेळता खेळता क्लबात आलो. शाळेत हजेरी घेताना माझं नाव आलं की गुरुजी मान वर न करताच पुढच्या नावाला जायचे. त्यामुळे पहिल्या मॅचनंतर एक म्हातारा काठी टेकत माझ्याकडे आला तेव्हा मी आधी मागे वळून बघितलं, दुसऱ्या कुणाकडे येतोय की काय.

"चार नंबर तूच का?"

"व्हय."

"धा."

"काय धा?"

"अठरापैकी धा. आठ येळा कुटं गेलतास? जेवायला?"

एवढं बोलून ते गेले. मला रडूच आलं. आजूबाजूची पोरं हसायला लागली, म्हणाली, लेका, पहिल्याच मॅचला दहा मिळाले, आमच्या नऊ नंबरला कधी सातच्या वर गेलेलं बघितलं नाही. मग कळलं की हा म्हातारा प्रत्येक मॅचनंतर प्रत्येकाला आकडा सांगतो, नाव घेत नाही, शाबासकी देत नाही आणि कुणाचं ऐकून घेत नाही. पुढच्या मॅचला मला बारा मिळाले. तो आकडा घेऊन मी खोलीवर गेलो आणि कॅलेंडरवर लिहून ठेवला. शाळेत असताना कुठल्याच आकड्यासाठी मी असं केलं नव्हतं.

मास्तर तुच्छतेनं बोलायचे, पण त्यातही त्यांची एक शिस्त होती. सगळ्यांना सारखी. प्रेक्षकांना ते "मेंढरं" म्हणायचे, कारण ती बॉलमागं माना फिरवतात. कोचला "इस्त्री" म्हणायचे, कारण तो दर मॅचला कडक पांढरी पँट घालून यायचा आणि मैदानात पाऊल ठेवायचा नाही. चहाच्या गाड्यावरचा पोट्ट्या त्यांच्या हातातलं मस्टर बघून रोज तोच विनोद करायचा, "मास्तर, आज ओपन काय लागलं?" त्याला मटका म्हणायचं असायचं. मास्तर बशीत चहा ओतत म्हणायचे, "तुझ्या डोक्यात हाय तेच. शून्य."

सगळ्यात जास्त तुच्छता राखून ठेवलेली होती ती फळ्यासाठी. क्लबच्या ऑफिसात भिंतीवर एक मोठा फळा होता, 'क्लबचे विक्रम' असं सोनेरी अक्षरात लिहिलेला. सर्वाधिक गोल, सलग सर्वाधिक सामन्यांत गोल, एका मोसमात सर्वाधिक गोल. तिन्हींपुढे एकच नाव, आमच्या नऊ नंबरचं. नऊ नंबर चेअरमनचा भाचा. त्या गोलांमध्ये सरावाच्या मॅचचे गोल होते, कॉलेजच्या पोरांना बोलावून त्यांच्यावर मारलेले गोल होते, आणि एक तर असा होता की त्या दिवशी समोरचा संघ आलाच नव्हता. चेअरमनला फुटबॉलमधलं एवढंच कळायचं की त्यात फीत कापायला मिळते. तो पाहुण्यांना फळ्यापुढे उभं करायचा. मास्तर ऑफिसात आले की फळ्याकडे पाठ करून बसायचे.

"मास्तर, तुमचं मस्टर आन् आमचा फळा जुळत न्हाय की," चेअरमन एकदा हसत म्हणाला.

"मग फळ्याला चुना मारा," मास्तर म्हणाले. "निदान भिंत तरी खरी दिसंल."

तिसऱ्या मोसमात मला एकदा सतरा मिळाले. क्लबात आजवर कुणालाच सतरा मिळाले नव्हते. मास्तर आले, आकडा सांगितला आणि उभे राहिले. मला वाटलं आता काहीतरी बोलतील. बोलले, "एक येळा कुटं गेलतास?" मी सांगितलं, बुटाची नाडी बांधत होतो. "मग गाठ नीट मारत जा," म्हणाले आणि गेले. मी ते बूट अजून ठेवलेत.

माझ्या नावावर एकही गोल नव्हता. मी मागचा माणूस. माझं काम अडवायचं. पण माणसाला काय कळतं? घरी गेलो की आत्या विचारायची, "किती गोल मारलंस रं?" आणि मी म्हणायचो, माझं ते काम नाही; आणि ती शेजारणीकडे बघून हसायची. अठरापैकी सतरा तिला कसे सांगणार?

मग अक्कलकोटच्या संघाबरोबर ती मॅच झाली. शेवटची काही मिनिटं, बरोबरी, आम्हाला कॉर्नर. कोचनं पँट सांभाळत मला हातानं पुढे जा म्हणून खूण केली. मी गेलो. गोलसमोर दहा-बारा पायांची गर्दी. बॉल आला, मी पाय टाकला, समोरच्या त्यांच्या पाच नंबरनंही पाय टाकला, आणि बॉल जाळीत. पाच नंबर तोंडावर पडला होता. मी उभा होतो. उभा असलेल्याकडे लोक धावत येतात. मी हात वर केला.

माझ्या पायाला बॉल लागला नव्हता. हे मला तेव्हाही माहीत होतं. पायाला माहीत असतं. पण पायऱ्यांवरून पोरं "चार! चार!" ओरडत होती, आणि हात वर गेला तो गेला.

रेफ्रीनं गोल दिला, संघाला. कुणी मारला ते आपापल्या क्लबनं लिहायचं. मी बूट सोडत बसलो होतो तेव्हा मास्तर आले. आधी आकडा सांगितला, "पंधरा." मग जरा थांबून विचारलं, "चार, तुला लागला का?"

मी मनात हिशोब केला. मास्तर बॉलकडे बघत नाहीत. सगळ्या गावाला हे माहीत आहे. "व्हय मास्तर," मी म्हणालो, "लागला की."

त्यांनी माझ्याकडे बघितलं, मस्टर काखेत मारलं आणि गेले. त्या रकान्यात काय लिहिलं ते मला दिसलं नाही.

दोन आठवड्यांनी केरळातल्या एका क्लबाचं पत्र आलं. त्यांच्या माणसानं आमची एक मॅच बघितली होती आणि त्यांना मागच्या फळीत माणूस पाहिजे होता. निवड चाचणीला बोलवायच्या आधी त्यांना माझ्या तीन मोसमांच्या नोंदी हव्या होत्या, क्लबनं ठेवलेल्या मूळ नोंदींवरून काढलेल्या. माझ्याकडे शाळेचा दाखला नव्हता. कुठलंच प्रशस्तिपत्र नव्हतं. माझ्याविषयी जगात कुणी काही लिहून ठेवलं असेल तर ते त्या हिरव्या मस्टरात. तो एक कागद चांगला गेला तर मी केरळात, नाहीतर परत टॉवेलच्या घड्या. चार रात्री झोप आली नाही.

चेअरमननं मला ऑफिसात बोलावलं. कागद टाइप करून तयार होता, खाली क्लबचा शिक्का. माझ्या नावापुढे नऊ गोल.

"साहेब, नऊ?"

"मग काय शून्य लिवू? शून्यवाला माणूस कोन घेतो? आमच्या क्लबातून मानूस बाहेर चाललाय पयल्यांदा. पेपरात येनार हाय. फक्त मास्तरांची सही घे, नोंदी ठेवनारा म्हनून."

मास्तर कोपऱ्यात फळ्याकडे पाठ करून बसले होते. त्यांनी कागद लांब धरून वाचला. "नऊ," ते म्हणाले. "ह्यात तुमच्या भाच्याचं उरलेलं हायत का?"

"मास्तर, पोराचं कल्यान हुतंय. जरा समजून घ्या की."

"पोराचं हुतंय का तुमचं?"

चेअरमनचा चेहरा उतरला. "सही करा, न्हाय तर मस्टरं हितं ठेवून जावा. क्लबची हायती ती."

"क्लबची कशी? मिलची हुती. मिल गेली. आता माझी." मास्तर उठले. गुडघा धरून उठायला त्यांना वेळ लागायचा, पण त्या दिवशी लागला नाही. दारातून मला म्हणाले, "चार, उद्या घरी ये. खरा कागद देतो."

दुसऱ्या दिवशी मी त्यांच्या घरी गेलो. माग लावलेल्या खोलीच्या पलीकडे त्यांची बैठक. त्यांची मुलगी, जिला आम्ही सगळे अक्का म्हणायचो, तिनं चहा दिला. मास्तरांनी तीन मोसमांच्या हजेऱ्या एका कागदावर काढून ठेवल्या होत्या. मॅचगणिक एक ओळ. सुबक टाइमकीपरी अक्षर. गोलाचा रकाना मात्र कोरा होता.

"मास्तर," मी म्हणालो, "नऊ नको. पर एक तरी लिवा. अक्कलकोटचा."

"लागलता का?"

ही दुसरी संधी होती. अक्का दारात उभी होती. "लागलता," मी म्हणालो.

मास्तरांनी मस्टर मिटलं. मग म्हणाले, "बघतो. परवा ये."

त्याच्या दुसऱ्या दिवशी सरावाला पायऱ्यांवर पांढरी टोपी नव्हती. मास्तर सरावालाही यायचे; तीन वर्षांत एक दिवस चुकला नव्हता. पोरं म्हणाली, मास्तर गैरहजर, आता त्यांना 'गै' कोण लावणार? मी हसलो नाही.

परवा गेलो तर मास्तर पाय पसरून बसले होते आणि अक्का गुडघ्याला तेल लावत होती. "सांग बाबा ह्यांना," ती मला म्हणाली. "ह्या वयात, ह्या उन्हात, येश्टीत उभं राहून जायाचं कारन काय?"

"कुटं गेलतासा मास्तर?"

"अक्कलकोटला. पाच नंबरकडं. दुकान हाय त्याचं, मठाच्या वाटंवर. बाप कानडीत भांडाय लागला, म्हटला, मॅच संपली, आता काय पायजे? मी म्हटलं, एक परश्न इचारून जातो." मास्तरांनी पाय जवळ ओढला. "पोरगं चांगलं हाय. म्हटलं, बॉल कुनाच्या पायाला लागला? म्हटला, माझ्याच. नखाला लागला, नख निघालंय, बघा. दाखवलं त्यानं."

मागाच्या खोलीतून खटखट येत होती.

"शून्य," मास्तर म्हणाले, आणि कोऱ्या रकान्यात शून्य काढला, गोल, नीट. मग पेन बंद करता करता म्हणाले, "आन् तू खोटं बोललास त्याचा रकाना न्हाय माझ्या मस्टरात. असता तर तितं एक लागला असता."

मग त्यांनी कागद माझ्या हातात दिला. तो आजपर्यंतचा माझा सगळ्यात मोठा अपमान, आणि तो करताना त्यांनी आवाजसुद्धा चढवला नव्हता.

आता माझ्याकडे दोन कागद होते. एक शिक्क्याचा, नऊ गोलांचा. एक शिक्क्याशिवायचा, शून्याचा. मी मास्तरांचा पाठवला. लोकांना सांगताना मी हे मोठ्या मनानं केल्यासारखं सांगतो, पण खरं सांगायचं तर भीतीनं केलं. वाटलं, ह्या म्हाताऱ्यानं अक्कलकोटला जाऊन पाच नंबरचं नख बघितलं. उद्या केरळलाही जाईल.

आठ दिवसांनी फोन आला. तिकडचा माणूस मोडक्या हिंदीत विचारत होता, ये हाजिरी क्या चीज है? मी माझ्या त्याहून मोडक्या हिंदीत सांगितलं: पाच मिनिटं, अठरा वेळा, जागेवर आहे की नाही. मग तो म्हणाला, शून्य गोल लिहून पाठवणारा तुमचा पहिलाच क्लब, आणि बॅक जागेवर किती असतो हे मोजणारा माणूस आम्ही वीस वर्षं शोधतोय. गाडी पकड.

मास्तरांना सांगायला गेलो. "केरळात का?" म्हणाले. "तितं सावली लई असती म्हनं. नारळाच्या झाडाखाली उभा ऱ्हाऊ नको. गै लागंल." स्टेशनवर सोडायला आले. गाडी तासभर उशिरा आली तर फलाटावर घड्याळ बघून म्हणाले, "बारा येळा गैरहजर." चेअरमन आला नाही. पण दुसऱ्या दिवशी पेपरात त्याचा फोटो आला, माझा नाही.

इथं केरळात मी अडीच मोसम खेळलो. मग माझाही गुडघा गेला, आणि ह्या लोकांनी मला हाकलून न देता लहान पोरांच्या संघाकडे ठेवून घेतलं. दर वर्षी करार नवा होतो. दर वर्षी मोसम संपला की फोन वाजला तरी आधी नंबर बघतो. भाषा येत नाही, कागद नाहीत, ह्यांनी उद्या नको म्हटलं तर मी कुठं उभा राहू? अजून नको म्हणालेले नाहीत. ह्या लोकांचे माझ्यावर उपकार आहेत. पण त्यांच्या लॅपटॉपवाल्या पोरांविषयी मात्र मी मास्तरांच्याच भाषेत बोलतो. तिघं जण काचेच्या खोलीत बसतात. कोण किती किलोमीटर पळाला, ते दशांशात सांगतात. गेल्या महिन्यात एका पोराला सगळ्यात जास्त पळाला म्हणून बक्षीस दिलं. मी मैदानावर होतो. तो जागा सोडायचा, म्हणून त्याला परत पळावं लागायचं. मी हे सांगितलं तर ते एकमेकांकडे बघून हसले. मला एक प्रश्न विचारायला अक्कलकोटला गेलेले मास्तर आठवले.

मार्गशीर्षात अक्काचा फोन आला. मास्तर गेले होते. सकाळी अंघोळ करून, घड्याळ बांधून बसले आणि तसेच. रजा मिळून पोचायला मला पाच दिवस लागले. तोवर क्लबच्या वेबसाइटवर त्यांना श्रद्धांजली आली होती: 'क्लबचे संख्याशास्त्रज्ञ, चाळीस वर्षांची अखंड सेवा.' क्लब काढून पंधरा वर्षं झाली नाहीत. त्याच्याच खाली तो सोनेरी फळा होता, आता रंगीत, नऊ नंबरच्या फोटोसकट. मास्तरांनी बघितलं असतं तर पाठ करून बसले असते.

अक्कानं मस्टरं जुन्या चादरीत बांधून ठेवली होती. "रद्दीवाला दोनदा यून गेला," ती म्हणाली. "मी म्हटलं, दादा आल्याबिगर न्हाय."

मी गाठ सोडली. काय हुडकायचं ते मला माहीत होतं. ती मॅच सापडली. माझं नाव, पुढे पंधरा 'ह', तीन 'गै', गोलाच्या रकान्यात शून्य. आणि शेऱ्यात, निळ्या शाईत, त्या दिवशीचंच अक्षर:

'कॉर्नर. ४ नं. जागा सोडून पुढे. बॉल समोरच्या ५ च्या पायाला. ४ ला लागला नाही. मी बघितलं.'

अर्थातच बघितलं. मी जागा सोडली होती. जागा सोडलेल्या माणसावरची नजर तो परत येईपर्यंत हलवायची नाही, हा नियम मला तोंडपाठ होता. सगळं मैदान बॉलकडे बघत असताना ते एकटे माझ्या पायाकडे बघत होते. म्हणजे बूट सोडत असताना त्यांनी विचारलं तेव्हा त्यांना माहीत होतं. घरी विचारलं तेव्हाही.

त्याच्या खाली पेन्सिलीनं, बारीक अक्षरात:

'४ म्हणतो लागला. दोनदा म्हणाला. माझी नजर चुकली असेल. जाऊन विचारणे.'

आणि त्याच्याही खाली, परत शाईत:

'अक्कलकोट. नजर बरोबर.'

मी बाकीची मस्टरं चाळली. सगळी. अक्का दोनदा डोकावून गेली. "काय हुडकायलास दादा एवढं?" 'माझी नजर चुकली असेल' अशी दुसरी ओळ कुठं आहे का, ते बघत होतो. नव्हती. ज्या माणसानं आयुष्यभर गावातल्या कुणाच्याच डोळ्यांवर विश्वास ठेवला नाही, तो स्वतःचे डोळे खोटे ठरावेत म्हणून, तसला गुडघा घेऊन, एस्टीत उभा राहून गेला होता.

"अक्का," मी म्हणालो, "पट्टी हाय का? आन् पेन."

तिनं आणून दिलं. शेऱ्याच्या कडेला बोटभर जागा उरली होती. तिथं मी वरपासून खालपर्यंत एक रेघ ओढली, डोक्यावर 'खोटं' असं लिहिलं, आणि चार नंबरच्या ओळीत, नीट, टाइमकीपरी अक्षर काढायचा प्रयत्न करत, एक लावला. मग माझं मलाच मोजून झाल्यावर तो खोडला, आणि दोन लिहिले.